सहलीची वही

भारताच्या पासपोर्टची पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. परदेशी निघालेला माणूस मुंबईचा असो वा मणिपूरचा, तो नाशिकचा कागद हातात घेऊनच निघतो. आमच्या घरातील पाच जणांपैकी मात्र गेल्या दिवाळीपर्यंत दोघांजवळच ही पुस्तिका होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानातील नव्या वह्यांचे पूजन झाले, तेव्हा एक कोरी वही शिल्लक राहिली. मुलांच्या बाबांनी ती तेरा वर्षांच्या मुलापुढे ठेवली आणि म्हणाले, "मे महिन्यात ब्रिटनला जायचे मनात आहे. ही सहलीची वही. तू आणि ताई मिळून लिहायची. शेवटची सही मात्र माझी."

आपल्या समाजात परदेशप्रवास आता नवलाचा राहिलेला नाही. बहुतेक कुटुंबे जैन भोजनाची सोय असलेल्या सामूहिक सहलीत नाव नोंदवतात आणि निर्धास्त होतात. त्यात गैर काहीच नाही. ज्येष्ठ मंडळींसाठी ती मोठीच सोय आहे. परंतु अशा सहलीत किशोरवयीन मुले केवळ सामानासारखी बरोबर येतात. बसमध्ये मोबाईल, हॉटेलात मोबाईल, आणि परत आल्यावर "काय पाहिलेस?" या प्रश्नाला "बरेच काही" एवढेच उत्तर. म्हणून आम्ही ही वही मुलांच्या हाती दिली. त्या वहीच्या निमित्ताने घरात जे घडले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

पहिल्याच पानावर मुलाने "अडचणी" असा मथळा घातला आणि त्याखाली एकच ओळ लिहिली : "आजी येणार नाही." माझ्या सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत. चाळीस वर्षांपासून त्यांचा चौविहार अखंड आहे आणि कंदमूळ कायमचे वर्ज्य. त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "माझ्या नियमांचे ओझे तुमच्या सहलीवर नको. तुम्ही जाऊन या, मी धर्मध्यानात राहीन." आम्ही मोठ्यांनी हे मनोमन मान्यही केले होते. मुलाने केले नाही. व्यापाऱ्याच्या घरात अडचण लिहिली की तिच्यासमोर उपाय लिहावाच लागतो, असे त्याचे म्हणणे.

दुसऱ्या दिवशी त्याने सूर्यास्ताचे कोष्टक मांडले. मेअखेरीस नाशिकला सूर्य सातच्या सुमारास मावळतो. त्याच दिवसांत लंडनला सूर्यास्त नऊच्या सुमारास होतो आणि एडिंबरोला तर साडेनऊनंतर. सूर्योदय पाचच्याही आधी होत असल्यामुळे नवकारसीही पहाटेच येते. उलट डिसेंबरात लंडनचा सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो. आमच्या मुलीला नाताळची रोषणाई पाहायची फार हौस होती आणि सहल डिसेंबरात न्यावी असा तिचा हट्ट होता. कोष्टक पाहून ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "डिसेंबरात आजीला तीन वाजताच जेवून घ्यावे लागेल. मे महिनाच ठीक आहे." कोणी तिला उपदेश केला नव्हता. आकडे समोर होते आणि आजी समोर होती.

मे महिना अन्य कारणांनीही योग्यच. दहावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपलेली असते, अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू व्हायची असते, आणि चातुर्मासाच्या कितीतरी आधी घरी परतता येते.

कोष्टक सासूबाईंना दाखवले. नातवाने विचारले, "आजी, तिथे रात्री साडेआठला जेवलीस तरी चौविहार मोडत नाही ना?" त्या हसल्या. "नियम सूर्याचा आहे रे, पण पोट माझे आहे. मी सहालाच जेवेन. उरलेल्या उजेडात तुम्ही मला फिरवून आणा." त्या येणार, हे आम्हाला या उत्तरावरून कळले.

त्या रात्री सासूबाईंनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण सर्वांनी पाहिलेला असतो. कापसाचे आणि शेअर बाजाराचे मोठे व्यापारी, सुरतेचे जैन श्रावक प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून तो उभा राहिला आणि १८७८ मध्ये पूर्ण झाला. नाव त्यांच्या मातोश्रींचे. असे सांगतात की, राजाबाईंना दिसत नव्हते आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नेम होता. घड्याळाचे टोले ऐकून त्यांना कोणाला न विचारता वेळ कळावी, ही मुलाची इच्छा. या कथेत इतिहास किती आणि श्रद्धा किती, ते अभ्यासकांनी ठरवावे. मुलीने मात्र पुढचा धागा शोधला. या मनोऱ्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचा, आणि तो करताना लंडनचा घड्याळमनोरा डोळ्यांपुढे होता असे म्हणतात. याच स्कॉटने लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाची लाल विटांची भव्य हॉटेल इमारत बांधली. आपली लेस्टरची गाडी याच स्थानकातून सुटते! त्याच्या शेजारीच ब्रिटिश लायब्ररी आहे. तेथे जैन हस्तलिखितांचा इतका मोठा संग्रह आहे की, २००६ मध्ये त्याची सूची तीन खंडांत प्रसिद्ध झाली. वहीत मार्गाची पहिली रेघ अशी ओढली गेली.

पुढे प्रत्येकाने एकच स्थळ निवडायचे, असा नियम झाला. श्रावकाच्या व्रतांमध्ये परिग्रहाचे आणि दिशांचे परिमाण सांगितले आहे. सहलीलाही परिमाण हवेच, नाहीतर चौदा दिवसांत वीस गावे पाहून एकही लक्षात राहत नाही. सासूबाईंनी लेस्टर निवडले, कारण तेथे जैन मंदिर आहे. मुलाने मँचेस्टर निवडले, अर्थातच ओल्ड ट्रॅफर्डच्या फुटबॉल मैदानासाठी. त्याच्या बाबांनीही मँचेस्टरच निवडले, कारण तेथील ओल्ड ट्रॅफर्ड या क्रिकेटच्या मैदानावर १९९० मध्ये सतरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने नाबाद ११९ धावा करून आपले पहिले कसोटी शतक झळकावले आणि सामना वाचवला. मी एडिंबरो निवडले. शहराच्या मधोमध असलेली, अडीचशे मीटर उंचीची आर्थर्स सीट ही टेकडी पांडवलेणी चढणाऱ्या नाशिककरांना जड जाऊ नये.

मुलीची निवड सर्वांना अनपेक्षित होती : वॉल्टन-ऑन-टेम्स. तिला मोबाईलवर लहान चित्रफिती करण्याचा नाद आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले, वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटनिर्मिती पाहून आले, कॅमेरा घेऊन परतले आणि पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. "नाशिकच्या माणसाने एवढा धोका पत्करला ते गाव मला पाहायचे आहे," असे ती म्हणाली. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून ते अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. विम्याची पॉलिसी गहाण ठेवणे म्हणजे काय, हे तिच्या बाबांनी तिला त्याच वेळी समजावून सांगितले. दुकानातील भांडवल, तारण आणि जोखीम यांविषयी बापलेकीचे असे बोलणे पूर्वी कधी झाले नव्हते.

मँचेस्टरचा विषयही फुटबॉलवर थांबला नाही. आम्ही कापडाचे व्यापारी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. मुंबईत सोन्यासारखा पैसा आला, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये भाव कोसळून पेढ्याच्या पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंदही त्यातून सुटले नाहीत, परंतु ते पुन्हा उभे राहिले. मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात कापूस-उद्योगाची यंत्रे आहेत, आणि ते १८३० सालच्या जुन्या रेल्वेस्थानकाच्या जागेवर आहे. तेथे दुरुस्तीची कामे चालत असल्यामुळे कोणती दालने खुली आहेत, ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आता हिशेबाची पाने. मुलाचा पहिला ताळेबंद सुंदर होता, फक्त त्यात व्हिसाचा खर्चच नव्हता! व्हिसासाठी प्रत्येकाचा, लहान मुलाचाही, अर्ज आणि शुल्क वेगळे असते. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. मुलांच्या पासपोर्टची मुदत सर्वांत आधी तपासावी, कारण अल्पवयीनांचा पासपोर्ट साधारणतः पाचच वर्षे चालतो. आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनी प्राप्तिकर विवरणपत्रे, जीएसटी नोंदणी आणि बँकेचे उतारे नीट लावून ठेवावेत. अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक जमा झालेली मोठी रक्कम शंका निर्माण करते. मराठी कागदपत्रांना इंग्रजी प्रमाणित भाषांतर जोडावे. परदेशी पाहुण्यांना तेथील रुग्णालयाचा खर्च स्वतः करावा लागतो, म्हणून प्रवासविमा अवश्य घ्यावा आणि ज्येष्ठांच्या औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवावी.

रेल्वेचे गणित मुलाने फार आनंदाने सोडवले. ब्रिटनमध्ये सोळा वर्षांपासून रेल्वेचे पूर्ण तिकीट लागते, त्यामुळे आमची मुलगी तेथे प्रौढ ठरते. परंतु फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्डावर चार प्रौढ आणि चार मुले एकत्र प्रवास करू शकतात. प्रौढांना एक तृतीयांश आणि पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना साठ टक्के सवलत मिळते. चार प्रौढ, एक मुलगा : कार्ड जणू आमच्याच कुटुंबासाठी काढलेले! लांबच्या गाड्यांची तिकिटे काही आठवडे आधी घेतल्यास पुष्कळ स्वस्त पडतात. ब्रिटिश म्युझियम, विज्ञान संग्रहालय आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांना प्रवेशशुल्क नाही. या तीन ओळींपुढे मुलाने शून्य लिहून त्याभोवती मोठे वर्तुळ काढले.

भोजनाचे पान सासूबाई आणि मुलगी यांनी मिळून लिहिले. तेथे शाकाहारी म्हटलेल्या पदार्थात अंडे असू शकते. म्हणून 'व्हेगन' ही खूण अधिक उपयोगी, कारण त्यात अंडे, जिलेटिन आणि मधही नसतो. तरी कांदा, लसूण आणि बटाटा त्यात असू शकतात. वेष्टनावर ठळक छापावयाच्या चौदा घटकांच्या यादीत कांदा-लसूण येत नाहीत, तेव्हा बारीक अक्षरातील पूर्ण यादी वाचावी लागते. ते काम तरुण डोळ्यांचे! दूध, तूप, पेढे, बर्फी असे दुग्धजन्य पदार्थ भारतातून तेथे नेता येत नाहीत. खाकरे, मूगडाळ, तांदूळ आणि कोरडे मसाले यांवर भर द्यावा. आम्ही हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घेत आहोत. विजेचा दाब आपल्यासारखाच असल्यामुळे लहान विजेरी कुकर चालतो, फक्त तेथील तीन चौकोनी पिनांच्या सॉकेटसाठी अडॅप्टर हवा.

लेस्टरविषयी शोधताना मुलांना जे सापडले, ते सहलीपेक्षा मोठे आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने तेथील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. पिढ्यान्‌पिढ्या जमलेली दुकाने, घरे मागे टाकून हजारो गुजराती कुटुंबे ब्रिटनला निघाली. तेव्हा लेस्टरच्या नगर परिषदेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात दिली होती की, आमच्या शहरात येऊ नका. तरीही लोक आले. बेलग्रेव्ह रोडवर त्यांनी साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची दुकाने थाटली, आणि आज तो रस्ता शहराचे भूषण समजला जातो. याच शहरात जैन समाजाने ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एक जुनी चर्चची इमारत घेऊन तिचे मंदिर केले आणि १९८८ मध्ये प्रतिष्ठा केली. एकाच छताखाली श्वेतांबर व दिगंबर मंदिर आणि स्थानकवासी उपाश्रय. मुलगी म्हणाली, "आपल्याकडे हे सगळे वेगवेगळ्या गल्ल्यांत आहे." सासूबाई म्हणाल्या, "परमुलखात माणसे थोडी असतात, म्हणून जवळ बसतात. जवळ बसायला परमुलखातच जावे लागते असे नाही, हे मात्र इथे येऊन सांग."

दोन-तीन वर्षांत आमची मुलगी शिक्षणासाठी पुण्याला किंवा आणखी दूर जाईल. मुलगाही जाईल. तेथे सूर्य मावळण्यापूर्वी "जेवलास का?" असे विचारणारे कोणी नसेल. खर्च किती झाला, असे विचारायला बाबा नसतील. आम्ही सांगितलेले नियम ते पाळतील की नाही, हे आम्हाला ठाऊक नाही. पण स्वतः कोष्टक मांडून, स्वतःची हौस बाजूला ठेवून घेतलेला निर्णय त्यांच्या जवळ राहील असे वाटते. ब्रिटनचा खर्च आम्ही खरे तर त्यासाठीच करतो आहोत.

गेल्या आठवड्यात सासूबाईंचा पासपोर्ट टपालाने आला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, देव्हाऱ्यापुढे क्षणभर ठेवला आणि मग नातवाकडे दिला. त्याने वही उघडली, पहिल्या पानावरील "आजी येणार नाही" ही ओळ पट्टीने सरळ रेघ मारून खोडली आणि समासात तारीख घातली. दुकानात चुकलेली नोंद अशीच खोडतात. ते त्याने बाबांना करताना पाहिले असावे.