शॉवरला दार हवं की नको?
फ्लॅटचं बाथरूम नव्यानं करताना शॉवरला काचेचं दार लावायचं की तो भाग मोकळा ठेवायचा, हे टाइल्स निवडण्याआधी ठरवा. कारण खरा प्रश्न फरशीच्या उताराचा आहे. बिनदाराच्या शॉवरला जाळीकडे दर मीटरला साधारण दीड-दोन सेंटिमीटर उतार लागतो. शिंतोडे कमोडपर्यंत जाऊ नयेत म्हणून दीडेक मीटर लांबीही लागते. चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये ती कुठून मिळणार? तिथे दार, निदान एक स्थिर काच बरी. टफन्ड, आठ मिलिमीटरची. बोअरचं पाणी असेल तर काचेवर क्षारांचे पांढरे डाग धरतात, तेव्हा रोज वायपर फिरवायची तयारी ठेवा.

घरात आजी-आजोबा असतील तर मात्र माझा कौल ठामपणे बिनदाराच्या बाजूनं. अडखळायला उंबरा नाही, स्टूल ठेवून बसता येतं आणि कुणी घसरलंच तर मदतीला चटकन पोहोचता येतं. बादली-तांब्याची सवयही मोडावी लागत नाही. भिंतीला धरायचा दांडा आणि खरखरीत टाइल्स यांत काटकसर करू नका. वॉटरप्रूफिंग दोन्हीकडे हवंच. मोकळ्या शॉवरसाठी ते सबंध फरशीला करून घ्या, नाहीतर खालच्या मजल्याच्या छताला ओल येते.