मोबाइलचा पडदा बदलून घेताना

भ्रमणध्वनी हे आता केवळ बोलण्याचे साधन राहिलेले नाही. बँकेचा व्यवहार, शासकीय योजनेच्या अर्जासाठी येणारा सांकेतिक क्रमांक, शाळेच्या सूचना, बाजारात भाजीचे पैसे चुकते करणे, ही सारी कामे त्याच्या काचेवर बोट टेकवूनच होतात. साहजिकच ती काच फुटली की घरातील अनेक कामे अडतात आणि ग्राहक घाईघाईने म्हापसा, मडगाव किंवा फोंडा येथील दुरुस्तीच्या दुकानात जातो. तेथे एकाच मोबाइलच्या पडद्याचे तीन-चार निरनिराळे भाव सांगितले जातात. हा फरक कशाचा, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळजण सर्वांत कमी भावाला होकार देतात.

पडदा म्हणून जो ओळखला जातो तो वस्तुतः अनेक थरांचा जोड असतो. सर्वांत वर संरक्षक काच, तिच्याखाली स्पर्श ओळखणारा थर आणि त्याखाली चित्र उमटविणारे पॅनेल. स्पर्शाच्या थरात डोळ्यांना न दिसणारे विद्युतवाहक जाळे असते. बोट टेकले की तेथील विद्युतधारणेत सूक्ष्म बदल होतो व त्यावरून बोटाची जागा मोबाइलला कळते. (पावसाचे थेंब पडलेल्या काचेवर मोबाइल भलतेच वागू लागतो, त्याचे कारण हेच.) हे थर कारखान्यातच एकमेकांना चिकटविलेले असल्यामुळे दुरुस्तीत बहुधा संपूर्ण जोडच बदलला जातो. दुकानांतून त्याला ‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’ म्हणतात.

दुकानात जाण्यापूर्वी फुटली आहे ती मूळ काच की वर चिकटविलेली टेम्पर्ड ग्लास, हे पाहून घ्यावे. थोडक्यात निभावण्याची ही शक्यता घाबरलेल्या ग्राहकाच्या लक्षात येत नाही. मूळ काच तडकली, पण चित्र व स्पर्श दोन्ही शाबूत असतील तर केवळ काचही बदलता येते. मात्र ते काम तापवून काच विलग करण्याचे, नाजूक आहे. त्यासाठीची यंत्रे ज्या दुकानात नाहीत तेथे ते करवून घेऊ नये, अन्यथा चांगले पॅनेलही हातचे जाते.

पॅनेलचे मुख्य प्रकार दोन. एल.सी.डी.मध्ये पाठीमागे दिव्याचा प्रकाश असतो व त्यापुढे चित्र घडते. ओलेड प्रकारात प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाशतो. ओलेड पॅनेल पातळ व महाग असते. किमतीतील मोठी तफावत पुष्कळदा येथेच असते, कारण मूळ ओलेड असलेल्या मोबाइलला स्वस्त एल.सी.डी. पडदाही बसविता येतो. तो सहसा अधिक जाड असल्याने चौकटीतून किंचित वर उचललेला राहतो, बॅटरी अधिक खातो आणि पडद्याखाली बसविलेला बोटांच्या ठशाचा प्रकाशीय संवेदक त्यातून काम करू शकत नाही. दोन-तीन वर्षे मोबाइल वापरायचा असेल तर ही बचत नव्हे. उलट, वर्षभरच चालवायच्या जुन्या मोबाइलला महागडा पडदा घालण्यातही शहाणपण नाही. प्रश्न स्वस्त-महागाचा नसून काय बसविले जात आहे हे ग्राहकाला सांगितले गेले की नाही, याचा आहे.

‘ओरिजिनल’ हा दुकानातील सर्वांत फसवा शब्द होय. कंपनीकडून आलेला नवा सुटा भाग, दुसऱ्या मोबाइलमधून काढलेला पडदा आणि जुन्या मूळ पॅनेलवर नवी काच चिकटवून तयार केलेला पडदा, या तिन्हींना तो लावला जातो. दुसरा व तिसरा प्रकार मुळीच टाकाऊ नाही. मात्र जुन्या ओलेड पॅनेलवर पूर्वीच्या चित्रांचे पुसट डाग राहिलेले असू शकतात. अन्य कारखान्यांनी बनविलेल्या पडद्यांत चांगले-वाईट दोन्ही असतात. यांपैकी कोणता आणि त्यावर हमी किती दिवसांची, हे स्पष्ट विचारावे. आयफोन ११ व त्यानंतरच्या मोबाइलांत सेटिंग्जमधील ‘जनरल’ व त्यातील ‘अबाउट’ येथे बदललेल्या पडद्याची नोंद पाहता येते.

हलक्या पडद्याचा खरा धोका रंग फिके दिसण्यात नाही. काही पडद्यांवर बोट न लावताच स्पर्शाची नोंद होऊ लागते. पैसे पाठविताना रकमेत एखादा आकडा आपोआप वाढणे, किंवा चुकीचा पिन वारंवार दाबला जाऊन व्यवहार बंद पडणे, असे प्रकार त्यातून संभवतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानातच परीक्षा घ्यावी. एखाद्या ॲपचे चिन्ह बोटाने दाबून धरून ते संपूर्ण पडद्यावर, कडेकडेनेही, हळूहळू फिरवावे. ते जेथे सुटते तेथे स्पर्शाचा थर सदोष आहे. अंधाऱ्या जागी पूर्ण काळे चित्र लावून पाहावे; ओलेड म्हणून दिलेला पडदा त्या वेळी राखाडी उजळत असेल तर तो ओलेड नव्हे. त्यानंतर पांढरे चित्र लावून डाग पाहावेत, उन्हात नेऊन अक्षरे वाचता येतात का ते बघावे, आणि एक फोन करून मोबाइल कानाशी नेल्यावर पडदा मावळतो की नाही हेही तपासावे.

पावती घेण्याचा संकोच करू नये. तीत पडद्याचा प्रकार व हमीची मुदत लिहून घ्यावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये विकलेल्या मालाची वा दिलेल्या सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे समाधान न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क पडत नाही. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले असून त्यात सहभागी कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती मिळते. मोबाइलची हमी शिल्लक असल्यास प्रथम अधिकृत सेवाकेंद्रातच विचारणा करावी.

मोबाइल दुकानात ठेवून जावे लागले तर सिमकार्ड काढून घ्यावे. पडदा बसविण्यासाठी कुलपाचा सांकेतिक क्रमांक लागत नाही. स्पर्शाची परीक्षा ग्राहकाने स्वतः समोर उभे राहून घ्यावी. ज्या मोबाइलला पाण्यापासून संरक्षण आहे, तो उघडताना त्याची चिकट पट्टी तुटते. नवी पट्टी न लावल्यास आपल्याकडील पावसाळ्यात आत दमटपणा शिरतो. फुटलेला जुना पडदा मात्र दुकानातच विसरून येऊ नये. त्यातील पॅनेल चांगले असेल तर नवी काच लावून ते पुन्हा विकले जाते, तेव्हा त्याची किंमत बिलातून वजा करून मागता येते. तो अगदीच निकामी असेल तर कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा.