बाटलीही सोबत आणा

रात्री साडेदहाच्या सुमारास चाळिशीतल्या एका शेतकऱ्याला त्याच्या भावांनी जीपमधून आणले. तोंडाला फेस, अंग घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "पोटात काय गेलं?" मी विचारले. "फवारणीचं औषध, साहेब. पांढरं असतंय बघा," थोरला भाऊ म्हणाला. धाकट्याला दुकानातले नाव आठवत होते, तेही अर्धवट. बाहुल्यांवरून अंदाज बांधून मी अॅट्रोपिन सुरू केले. रोगी वाचला. पण प्रत्येक विष अशी ओळख पटवून देत नाही.

क्लोरपायरीफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकावर अॅट्रोपिन हा उतारा आहे. पॅराक्वाट या तणनाशकावर उताराच नाही. उलट गरज नसताना दिलेला प्राणवायू फुप्फुसांचे नुकसान वाढवू शकतो. म्हणून नेमके काय पोटात गेले, हे आम्हाला कळावे लागते. दुकानातल्या नावावरून ते कळतेच असे नाही, कारण एकच रसायन अनेक कंपन्या आपापल्या नावाने विकतात.

वाचकहो, एकाच शेताला कोणी 'वडाचं वावर' म्हणतो, कोणी 'खालचं रान'. तलाठ्याकडे मात्र गट नंबर एकच. रसायनांनाही असा नंबर असतो. अमेरिकेतील केमिकल अॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस ही संस्था १९६५ पासून प्रत्येक रसायनाला तो देत आली आहे. त्याला कॅस नंबर म्हणतात. आपली तापाची पॅरासिटामॉल गोळी अमेरिकेत अॅसिटामिनोफेन नावाने मिळते. नंबर दोन्हींचा १०३-९०-२. (परदेशातून मुलाने आणलेली 'वेगळी' गोळी आणि इथली, अशा दोन्ही घेणारे आजोबा मी पाहिले आहेत. मात्रा दुप्पट झाली, की यकृतावर ताण!) उलट, क्लोरपायरीफॉस आणि क्लोरपायरीफॉस-मिथाइल ही नावे जुळ्या भावांसारखी, पण नंबर २९२१-८८-२ आणि ५५९८-१३-०, म्हणजे रसायने दोन.

नंबर लिहिताना चूक झाली तर? त्याचीही सोय आहे. पाण्याचा नंबर ७७३२-१८-५. शेवटचा ५ बाजूला ठेवा. उरलेले आकडे उजवीकडून अनुक्रमे १, २, ३, ४, ५, ६ ने गुणा: ८, २, ६, १२, ३५, ४२. बेरीज १०५, शेवटचा आकडा ५. जुळले! मुलांना करून पाहू द्या.

हा नंबर किंवा रसायनाचे नाव पबकेम या संगणकीय कोशात टाकले, की त्या रसायनाची इतर नावे आणि विषारीपणाची माहिती समोर येते. अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने २००४ मध्ये सुरू केलेला हा कोश सर्वांना फुकट पाहता येतो.

कीटकनाशकाच्या डब्यावर कॅस नंबर नसला, तरी मोठ्या अक्षरातल्या कंपनीच्या नावाजवळ बारीक अक्षरात रसायनाचे नाव आणि टक्केवारी असते. आम्हाला हवे असते ते हेच. म्हणून रोग्याबरोबर बाटली आणा. ती सांडलेली असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा, उघड्या हाताने धरू नका. लेबल फाडू नका. औषध सरबताच्या बाटलीत ओतून तर कधीच ठेवू नका. मग नाव सांगायला काहीच उरत नाही. रोगी शुद्धीत असो वा नसो, मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याच्या भानगडीत पडू नका. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधा माहिती केंद्र आहे. तेथे चोवीस तास फोनवर सल्ला मिळतो. तेथेही पहिला प्रश्न हाच येईल, की लेबलवर काय लिहिले आहे?