कार्ड उचलू नका

भाऊबीजेला आत्या सांगलीहून आली. वय अठ्ठ्याहत्तर. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, हे २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झालं आणि तेव्हापासून आत्या घरात सापडत नाही. आधार कार्ड दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं आणि खिडकीशी बसायचं. सांगली ते मुंबई ती अशीच आली, कुणाची मदत न घेता. अडकली ती मुंबईत, वीस रुपयांसाठी.

कुठल्या मेट्रो स्थानकावर, कुणाच्या दारात, ते लिहीत नाही. निम्मा दोष माझ्या अज्ञानाचा होता. पाहुणा आला की त्याच्या हातात आपलं कार्ड ठेवायचं, ही माझी जुनी खोड. आदल्या रात्री फोनवरून त्यात तीनशे रुपये भरले होते. आत्याने कार्ड टेकवलं, फाटक लाल. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. मागे माणसं तटली. मी फोनवरच्या तिकिटाने आधीच पलीकडे पोचलेला, ती अलीकडे. गणवेशातला मुलगा अदबीने म्हणाला, "आजी, मोबाइलवर तिकीट आहे का?" आत्याने पिशवीतून बटणांचा फोन काढला आणि त्याच्याच हातात दिला. "हाय का बघ की बाबा ह्यात."

नंतर कळलं की पैसे भरले गेले होते, पण कार्डात उतरले नव्हते. हे नवं कार्ड दोन खिशांचं आहे. एक खिसा लांब कुठल्याशा संगणकात, दुसरा कार्डावरच्या चिपमध्ये. गर्दी खोळंबू नये म्हणून फाटक बँकेला विचारत बसत नाही, चिपमधलेच पैसे कापतं. इथवर शहाणपणाचं आहे. पण फोनवरून भरलेले पैसे पडतात पहिल्या खिशात, आणि ते दुसऱ्यात ओतायचे तर खिडकीशी किंवा यंत्राशी जाऊन कार्ड पुन्हा टेकवावं लागतं. रांग चुकवायला घेतलेल्या कार्डासाठी आधी एक रांग! चिपच्या खिशात दोन हजारांपर्यंत रक्कम मावते. आत्या फाटकाशी उभी होती तेव्हा त्यात बारा रुपये होते.

शेवटी तिने रोख पैसे देऊन कागदाचं तिकीट घेतलं. तेही चौकोनी ठिपक्यांचं, पण निदान हातात धरता येणारं. सबंध प्रवासभर ती काही बोलली नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "तुझं ते जुनं कार्ड बरं होतं रे. मी इरारला गेले होते त्याच्यावर."

विरारला ती २०११ साली गेली होती, चुलतबहिणीच्या नातवाच्या बारशाला. तिच्या लक्षात राहिलं ते बाळ नव्हे, कार्ड.

अशा कार्डांचा जगातला इतिहास दोन ओळींत उरकतो, कारण मला त्यात कधी रस वाटला नाही. हाँगकाँगचं ऑक्टोपस १९९७ चं, टोकियोचं सुइका २००१ चं, लंडनचं ऑयस्टर २००३ चं. दिल्लीची मेट्रो २००२ च्या डिसेंबरात धावली तीच टोकनं आणि कार्डं घेऊन. त्या काळात मुंबईकर काय करत होता? खटाक खटाक करत लोकलची कूपनं यंत्रात छापत होता.

कूपनांची आठवण काढून हल्ली बरेच जण गहिवरतात. मी त्यांच्यात नाही. मी मुद्रितशोधक. नोकरी कधी केली नाही. आज गिरगावातला छापखाना, उद्या भायखळा, परवा ठाणे. रोजचा ठरलेला रस्ता नसल्याने पास परवडायचा नाही, म्हणून माझं सगळं आयुष्य तिकिटावर. जवळच्या स्टेशनाला जायचं तर दोन कूपनं पुरत. मुलुंडहून चर्नी रोड गाठायचं आणि तेही रिटर्न, तर यंत्रासमोर कूपनांची माळच ओवायची. त्यात शाई संपत आलेली. स्टेशनचं नाव आणि वेळ असा ठसा उठायचा खरा, पण तो लावायला नजर माझ्यासारखी लागे, आणि टीसीची नजर वेगळ्या शाळेत शिकलेली. कूपनांची पुस्तिका घामाने चिकटायची ती वेगळीच. २०१५ च्या आसपास ती यंत्रं काढून टाकली तेव्हा कुणी दोन अश्रू ढाळले असतील, तर ते पासवाले असणार.

पुठ्ठ्याच्या तिकिटांचा जमाना माझ्या वडिलांचा. त्यांना त्याबद्दल बोलायला आवडतं, मला ऐकायला नाही. पुढे जातो.

२००७ च्या अखेरीस लोकलच्या स्टेशनांवर एटीव्हीएम उभी राहू लागली. एटीव्हीएम म्हणजे स्वतः बोट लावून तिकीट काढायचं यंत्र. काचेवर स्टेशनं दिसायची, हवं त्यावर बोट ठेवायचं, माणसं किती ते सांगायचं, एकेरी की रिटर्न ते सांगायचं. खाली एक खाच, तिच्यात स्मार्टकार्ड ठेवायचं. नियम एकच, तिकीट हातात येईपर्यंत कार्ड उचलायचं नाही. ओळखीच्यांत ते पहिल्यांदा मी घेतलं. एका संपादकांनी तेव्हा मला जाहीर वेड्यात काढलं होतं. "फुकटचे पैसे अडकवून ठेवतोस," म्हणाले. हेच गृहस्थ पुढे दर दिवाळी अंकाच्या धांदलीत मला विचारायचे, "कार्ड आहे ना रे? आमचंही काढ." त्यांच्या तिकिटांचे पैसे मी कधी मागितले नाहीत. आज मागतो.

त्या कार्डाची गंमत अशी की त्यात ना बॅटरी, ना तार. आत केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं आणि एक चिमुकली चिप. यंत्राभोवतीच्या लहरींतून वेटोळ्यात तेवढ्यापुरती वीज जागी होते, चिप आपला आकडा सांगते, नवा आकडा लिहून घेते आणि पुन्हा झोपते. माझं कार्ड दोनदा शर्टाच्या खिशातून धुण्यात गेलं. एकदा तर शर्टासकट पिळून दोरीवर पडलं. दुसऱ्या दिवशी खाचेत ठेवलं तर सगळे पैसे जागच्या जागी. इतका चिवट जीव आमच्या घरात दुसरा नव्हता, वडील सोडले तर.

पण मला ते आवडायचं ते वेगळ्याच कारणाने. त्यावर नाव नव्हतं. कुणाचं, ते कार्डाला ठाऊक नव्हतं आणि यंत्राला विचारायचं नव्हतं. घरातल्या छत्रीसारखं होतं ते, जो बाहेर निघेल त्याचं. आई दादरला फुलं आणायला न्यायची. छापखान्यातला पोऱ्या कागदाचा नमुना आणायला मशीद बंदरला जायचा तो त्याच्यावर. शेजारच्या वहिनींच्या माहेराहून तार यावी तशी बातमी आली आणि त्या निघाल्या, तेव्हा माझ्या बायकोने त्यांच्या हातात पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा आणि ते कार्ड ठेवलं. एका कार्डावर चार-पाच तिकिटं काढता येत, त्यामुळे लग्नाचं वऱ्हाडसुद्धा सुटायचं. परत आलं की कार्ड फ्रिजवरच्या वाटीत, किल्ल्यांच्या शेजारी. उरलेल्या पैशांचा हिशेब कुणी ठेवत नसे. ज्याच्या हातात संपेल त्याने भरून आणावं, एवढा अलिखित करार.

आणि ते काका. यंत्रांपुढे लोक बुजतात हे रेल्वेच्या लक्षात आलं आणि निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना मदतनीस म्हणून तिथे उभं केलं गेलं. त्यांच्याकडे स्वतःची कार्डं असत. तुम्ही रोख पैसे द्यायचे, ते आपल्या कार्डातून तिकीट काढून द्यायचे. कार्ड भरताना वर थोडी जास्तीची रक्कम मिळायची, तीच त्यांची कमाई. माझ्या स्टेशनवरचे काका बुकिंगच्या खिडकीत आयुष्य काढून बाहेर आलेले. त्यांची बोटं काचेवर चालत ती हार्मोनियमवाल्याची. तुम्ही "दा" म्हणेपर्यंत दादर आलेलं असे. प्रश्न एकच, "रिटर्न?" तुमच्या मागच्या माणसाचे पैसे ते तुमचं तिकीट बाहेर पडायच्या आत हातात घेत आणि सुट्टे परत देताना काचेकडे पाहतसुद्धा नसत.

माझ्याजवळ कार्ड असूनही मी त्यांच्या रांगेत उभा राहायचो, कारण ती माझ्यापेक्षा लवकर सरायची. एकदा त्यांनी माझ्या काखोटीतलं बाड पाहून विचारलं, हे काय? दिवाळी अंकाची शेवटची प्रुफं, म्हटलं. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. त्यांनी चष्मा वर केला, वरचं पान पाहिलं आणि बोट ठेवलं. "कुर्ल्याचा काना गेला." खरंच गेला होता. तीन वाचनं होऊन माझ्या हातून निसटलेला काना त्या माणसाने तिकीट काढता काढता पकडला. चाळीस वर्षं स्टेशनांची नावंच वाचली होती त्यांनी. त्या वर्षी अंकाची एक प्रत त्यांना नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन चुका दाखवल्या. छापून झाल्यावर.

बाहेरचं जग अर्थातच थांबलं नव्हतं. 'एक शहर, एक तिकीट' ही घोषणा मी इतक्यांदा वाचली, तिच्या बातम्यांची प्रुफं इतक्यांदा तपासली, की 'एकात्मिक' शब्द डोळे मिटून शुद्ध लिहू शकतो. बेस्ट आणि लोकल दोन्हींत चालणारं 'गो मुंबई' कार्ड आलं आणि हळूहळू विरून गेलं. ८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, अकरा किलोमीटर आणि बारा स्थानकं, तिचं कार्ड निराळं, वर प्लॅस्टिकची टोकनं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मोनोरेल आलेली. बसचं कार्ड वेगळं, लोकलचं वेगळं, मेट्रोचं वेगळं. फ्रिजवरची वाटी भरत गेली. तरी माझी तक्रार नव्हती. वाटीतलं प्रत्येक कार्ड मुकं होतं, म्हणजे चांगलं होतं.

२०१५ मध्ये लोकलचं तिकीट कागदाशिवाय मोबाइलवर निघू लागलं. सोय म्हणून उत्तमच. मीही वापरली. पण फोन कुणी फ्रिजवरच्या वाटीत ठेवत नाही. फोन ज्याचा त्याचा. आई दादरला जाताना माझा फोन नेणार नव्हती. मग ती जाताना मीच सोबत जायचो, किंवा ती खिडकीच्या रांगेत उभी राहायची, किंवा जायचीच नाही. शेवटच्या एक-दोन वर्षांत फुलं दारावर येऊ लागली.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडली. १५ जूनला पुन्हा धावली ती अत्यावश्यक कामावरच्या माणसांसाठी, आणि मुद्रितशोधन कुणाच्याच यादीत अत्यावश्यक नसतं. १५ ऑगस्ट २०२१ ला दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना प्रवेश मिळाला, तोही आधी केवळ मासिक पासावर. आयुष्यभर पास टाळलेल्या मी त्या महिन्यात पास काढला. नाव, फोटो, डोसची तारीख. कारण साथीचं होतं, त्याला माझी हरकत नाही. पण तिकिटाने माणसाला 'तू कोण' हे विचारण्याची सवय शहराला तेव्हा लागली, असं मला वाटतं, आणि साथ ओसरल्यावर सवय राहिली.

स्टेशनवरचे काका त्यानंतर दिसले नाहीत. चौकशी केली, तेव्हा "गावाला गेले" एवढंच कळलं. कुठलं गाव, ते चाळीस वर्षं गावांची नावं छापणाऱ्या त्या माणसाला कधी विचारलंच नव्हतं.

पुढचं भराभर सांगतो. देशभर चालेल असं एकच कार्ड, तेच दोन खिशांचं, ४ मार्च २०१९ ला अहमदाबादेत जाहीर झालं होतं. १९ जानेवारी २०२३ ला त्याचा मुंबई अवतार 'मुंबई १' या नावाने आला. ८ ऑक्टोबर २०२५ ला भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पुरी झाली आणि त्याच दिवशी 'मुंबई वन' नावाचं ॲप आलं. अकरा सेवा एका ठिकाणी, लोकलपासून कल्याण-डोंबिवलीच्या बसपर्यंत. एकच असलेली गोष्ट दुसऱ्यांदा आली, हे मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटत नाही. ॲप चांगलं आहे, मी ते उतरवून घेतलं आहे आणि वापरतो. माझं भांडण ॲपशी नाही. अकरा दारांची एक किल्ली झाली आणि ती एकाच्याच मुठीत बसेल अशी केली, त्याच्याशी आहे.

परत जायच्या आदल्या दिवशी आत्या माझ्या टेबलाशी आली. मी वाचत होतो. प्रुफं तपासताना ओळीखाली धरायला मला काहीतरी ताठ लागतं, पट्टी जाड पडते. गेली चार-पाच वर्षं मी ते जुनं स्मार्टकार्डच धरतो. एक ओळ वाचायची, कार्ड खाली सरकवायचं. कडा घासून पांढऱ्या झाल्या आहेत.

आत्याने ते उचललं, उलटंसुलटं केलं.

"हेच की ते. इरारचं."

"हो."

"पैसे हायत ह्यात अजून?"

असणार. शेवटचं तिकीट मार्च २०२० मधलं, मुलुंड ते भायखळा, रिटर्न. किती उरले ते यंत्रात ठेवल्याशिवाय कळायचं नाही, आणि त्याची मुदत कधीच टळली आहे. "असतील चाळीस-पन्नास," म्हटलं.

"मग ठेव जपून," म्हणाली, आणि ज्या ओळीखालून उचललं होतं तिच्याखाली ठेवायला गेली. ओळ काही तिला सापडली नाही.