नाताळची बिस्किटे आणि पावसाळी हवा

नाताळच्या फराळात आजकाल तयार मिश्रणाची बिस्किटे अनेक घरांत दिसतात. पुड्यात बहुधा मैदा, साखर व बेकिंग पावडर असते; लोणी वा अंडे आपण घालावयाचे. फसगत होते ती बेकिंग पावडरीमुळे. तिच्यात खाण्याचा सोडा व कोरडे आम्ल एकत्र असतात. ओलावा लागताच त्यांतून वायू निर्माण होतो आणि बिस्किट फुलते.

महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यात हवा अतिशय दमट असते. उघडा पुडा तसाच राहिल्यास ही क्रिया हळूहळू पुड्यातच होऊन जाते आणि डिसेंबरात बिस्किटे दडस होतात. पुड्याहून लोणी महाग. ते वाया जाणे गरीब घराला परवडत नाही.

म्हणून आम्ही सुचवितो की, उघडलेले मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. लोणी घालण्यापूर्वी चमचाभर मिश्रण गरम पाण्यात टाकून पाहावे. बुडबुडे आले नाहीत, तर थोडी ताजी बेकिंग पावडर मिसळावी. कुबट वास आल्यास मात्र ते टाकून द्यावे. जुलै २०२१ मध्ये महाडने महापूर अनुभवला. पुराचे पाणी लागलेला पुडा वाळवूनही वापरू नये.