संशोधनाची पहिली नोंदवही

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या पारशिवनीच्या दवाखान्यात रुग्णांबरोबर पालकही येऊ लागतात. त्यांना नाडी दाखवायची नसते. मुलाला बी.ए.एम.एस.ला घालावे काय, नीटमध्ये किती गुण लागतील, एवढेच विचारायचे असते. मुलाला स्वतःचे प्रश्न पडतात काय आणि त्यांची उत्तरे शोधण्याची त्याला सवय आहे काय, हे आजवर एकाही पालकाने आम्हांस विचारलेले नाही. खरे सांगावयाचे तर आम्हीही ते कधी विचारत नव्हतो.

मोठ्या शहरांत अलीकडे याचाही बाजार झाला आहे. भरभक्कम शुल्क घ्यावे, शाळकरी विद्यार्थ्यास एखादा मार्गदर्शक नेमून द्यावा आणि परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशअर्जास जोडण्याजोगा शोधनिबंध त्याच्या हाती द्यावा, असा हा व्यवहार आहे. वास्तविक आपल्याकडे यापेक्षा साधी व बिनखर्चाची वाट पूर्वीच आखली गेली आहे. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी गट करून आपल्या परिसरातील एखादा प्रश्न घ्यावा, मार्गदर्शकाच्या साहाय्याने तो प्रत्यक्ष अभ्यासावा आणि रोजची नोंदवही ठेवावी, ही तिची पद्धत. यातील नोंदवही हाच आमच्या मते सर्वांत मोलाचा भाग होय.

ही गोष्ट आम्ही ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रकल्पासाठी दोन विद्यार्थी विषय मागण्यास आले. आम्ही उत्साहाच्या भरात त्यांना 'गुळवेलीचे श्रेष्ठत्व' हा विषय दिला, दोन-तीन ग्रंथ दिले आणि मजकूरही बराचसा सांगितला. तक्ते सुरेख झाले. परीक्षकांनी मात्र एकच विचारले, "तुम्ही स्वतः काय पाहिले?" मुले गप्प झाली. दोष त्यांचा नव्हता. निष्कर्ष आम्ही आधीच ठरवून दिला होता, मग त्यांना शोधण्यासारखे उरले तरी काय? चरकाचार्यांनी सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. आम्ही मुलांना पहिल्या पायरीवरच बसवून ठेवले होते.

पुढे अकरावीतील एक विद्यार्थिनी आली, तेव्हा आम्ही विषय दिला नाही. काउंटरवरील बरण्या पाहता पाहता तिनेच विचारले, "इंद्रजव दोन प्रकारचा असतो म्हणतात, मग या बरणीतला कोणता?" वैद्यबंधूंना या प्रश्नाचे वजन सांगावयास नको. पांढऱ्या कुड्याचे बी म्हणजे कडू इंद्रजव. अतिसार-प्रवाहिकेत आपण तोच योजतो आणि गंगाधर चूर्णातही तोच अपेक्षित असतो. काळ्या कुड्याचे बी म्हणजे गोड इंद्रजव. बाजारात दोहोंची सरमिसळ होते, ही तक्रार जुनी आहे. पावसाळ्यात हगवणीचा रुग्ण समोर असताना बरणीत भलतेच बी असेल, तर चूक ना रुग्णास कळते ना वैद्यास.

प्रथम तिने झाडे ओळखण्यास शिकावे असे ठरले. पेंचचे जंगल आम्हांस जवळ असले, तरी राष्ट्रीय उद्यानातून पानही आणता येत नाही. म्हणून शेताच्या बांधावरील व माळावरील झाडेच घेतली. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात, काळ्या कुड्याच्या शेंगांची टोके मात्र जुळलेली राहतात. हे तिला आमच्याआधी एका गुराख्याने दाखविले. (वनस्पतींची नामरूपे गुराखी-मेंढपाळांस ठाऊक असतात, हे चरकाचार्यांनीही म्हटलेच आहे.) मग दोन्ही झाडांचे बी नमुना म्हणून जवळ ठेवून पारशिवनी, रामटेक व नागपूरच्या इतवारीतून इंद्रजवाच्या पुड्या आणल्या. दुकानाची नावे काढून क्रमांक घालण्याचे काम कंपाउंडरने केले. कोणता क्रमांक कुठला, हे आम्हांसही ठाऊक नव्हते. चव पाहण्याचे काम तेवढे आम्ही स्वतःकडे ठेवले.

एका पुडीविषयी आमचे व तिचे मत जुळेना. बी जुने होते, रंग गेलेला होता. आम्ही 'कडूच' म्हणालो. तिने नोंदवहीत लिहिले, 'निश्चित सांगता येत नाही.' क्षणभर आम्हांस राग आला, हे कबूल केले पाहिजे. रात्री पुन्हा भिंगाखाली पाहिले तेव्हा तिचेच लिहिणे योग्य वाटले.

असा विद्यार्थी महाविद्यालयात गेला की पुढची वाट आता मोकळी आहे. एम.बी.बी.एस. व बी.डी.एस.च्या मुलांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची दोन महिन्यांची शिष्यवृत्ती १९७९ पासून होती. आपल्या मुलांसाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने तशी 'स्पार्क' योजना आणली ती २०२२ साली. तीत निवड झालेल्या बी.ए.एम.एस. विद्यार्थ्यास महिना २५,००० रुपयांप्रमाणे दोन महिन्यांचे ५०,००० रुपये ठरविले गेले. आमच्या वेळी असे काही नव्हते. इंटर्नशिप संपेपर्यंत 'प्रोटोकॉल' हा शब्दही आमच्या कानी पडला नव्हता.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. शाळकरी मुलाकडून शेजाऱ्यापाजाऱ्यांस औषध देऊन 'गुण आला काय' हे पाहवून घेऊ नये. तो प्रांत नीतिसमितीचा आहे. द्रव्याची ओळख, साठवण, बुरशी, बाजारातील नावांचा घोळ, एवढे विषय त्यांना पुष्कळ आहेत.

येथे फार्मसीधारक बंधूंचे साहाय्य फार मोलाचे ठरेल. २००० साली आलेल्या शेड्यूल-टीमुळे कच्च्या मालाच्या नोंदी आपण ठेवतोच. खरेदीची तारीख व ठिकाण लिहिलेला मूठभर नमुना आणि कोठारात उभे राहण्याची मुभा, इतके जरी विद्यार्थ्यास मिळाले तरी पुरे. निष्कर्ष आपल्या मालाविरुद्ध गेला तर काय, हा प्रश्न एका मित्राने आम्हांस विचारला. आम्ही म्हणालो, तो अधिकाऱ्याआधी मुलाकडून कळलेला बरा.

या हिवाळ्यात कुड्याच्या शेंगा पिकल्या की आम्ही पुन्हा नमुने जमविणार आहोत. ज्या सभासदांच्या परिसरात दोन्ही कुडे आहेत, त्यांनी शेंगांसह एकेक फांदी वर्तमानपत्रात दाबून, झाडाची जागा व तारीख लिहून ठेवावी.