चढायला दिलेला इतिहास

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या उत्तरेला लागूनच ‘एन्शंट प्लेग्राउंड’ नावाचं मुलांचं मैदान आहे. म्युझियमच्या प्रशस्त दालनात इजिप्तचं देंदूर मंदिर उभं आहे, ते बघायचं. मैदानात पिरॅमिड आहेत, त्यांवर चढायचं, आत शिरायचं आणि घसरत खाली यायचं.

आस्वानच्या धरणात बुडालं असतं असं हे मंदिर इजिप्तने अमेरिकेला भेट दिलं. 1968 मध्ये त्याचे दगड 661 खोक्यांतून न्यूयॉर्कला पोचले. दालन खुलं व्हायला मात्र 1978 साल उजाडलं. रिचर्ड डॅटनर या वास्तुरचनाकाराचं मैदान त्याआधीच, 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालं होतं. आसपासची मुलं मंदिर पाहण्याआधी पिरॅमिडवर चढली, आणि मुलांच्या बाबतीत हाच क्रम योग्य आहे.

डॅटनरच्या आधी या पार्कमधली मैदानं साचेबंद असत. 1930च्या दशकात शहराचा उद्यानप्रमुख रॉबर्ट मोझेस याच्या अमलाखाली बांधलेल्या मैदानांत टणक जमीन, झोपाळे, सीसॉ, घसरगुंडी आणि भोवती कुंपण एवढंच होतं. डॅटनरने 1967 मध्ये पार्कच्या पश्चिम बाजूला पहिलं वेगळं मैदान केलं. त्यात वाळू, पाणी आणि चढण्याजोगे आकार एकमेकांना जोडलेले होते. पिरॅमिड त्याच विचारातून आले.

वेगवेगळ्या वयांसाठी हा आकार फार सोयीचा. दोन वर्षांचं मूल पायथ्याशी वाळूत रमतं, पाच वर्षांचं दोन पायऱ्या चढून थांबतं, दहा वर्षांचं थेट माथा गाठतं. कुणी कुठवर जायचं हे ज्याचं त्याचं बळ ठरवतं.

सुरक्षिततेचं गणित मात्र बारकाईनेच मांडावं लागतं. अमेरिकेतल्या मार्गदर्शक नियमांत 2 ते 5 आणि 5 ते 12 हे वयोगट वेगळे धरले आहेत. साडेतीन ते नऊ इंचांच्या दरम्यानची फट टाळा, असंही त्यांत सांगितलं आहे. तिच्यातून लहानग्याचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं. मैदानात किल्ला उभारायचा तर तटाच्या जंग्या, म्हणजे मारा करायच्या फटी, हुबेहूब ठेवून चालणार नाही, मापं मुलांच्या शरीरावरून घ्यावी लागतील. इतिहासाशी एवढी तडजोड करायलाच हवी.

2009 मध्ये एन्शंट प्लेग्राउंडची पुनर्बांधणी झाली, तेव्हा पॉल मॅनशिप या शिल्पकाराची कांस्य दारंही इथे बसवली गेली. मोडतोडीमुळे ती कित्येक वर्षं काढून ठेवलेली होती. त्यांवर इसापनीतीतल्या गोष्टी घडवल्या आहेत.

खेळता खेळता इतिहासाला भिडायची ही रीत महाराष्ट्रातल्या मुलांना नवी नाही. दिवाळीत माती कालवून किल्ला रचताना बुरूज कुठे, माची कुठे, याचा वाद ती हाताने सोडवतात. आपल्या नगरपालिकांनी बागेत इतिहास आणताना एवढं जरूर करावं: पुतळ्याशेजारी एक बुरूज मुलांना चढायला द्यावा, आणि त्याचा नकाशा पक्का करण्याआधी त्याच वस्तीतल्या मुलांना दाखवावा.